आळीचा रकाना

रविवार, ६ फेब्रुवारी २००५

आज सकाळी आमच्या पडवीत 'कपाट'वाल्यांची बैठक झाली. आमच्या सौ. वसुंधरेने पोहे केले होते, म्हणून वेळेवर सुरू झाली.

'कपाट' म्हणजे आमचं वाचनालयाचं सॉफ्टवेअर. निवृत्त झाल्यावर रद्दीवाल्यांकडून प्रोग्रॅमिंगची जुनी पुस्तकं आणून मी माझं मी शिकलो आणि गावच्या वाचनालयासाठी ते लिहिलं. कोणतं पुस्तक कोणाच्या घरी आहे, एवढंच ते सांगतं. तीन वर्षांपूर्वी एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतला सिद्धेश वसई स्टेशन ओलांडून पुस्तक बदलायला आला आणि पडद्याकडे बघून म्हणाला, "काका, हे कोणी केलं?" मी म्हणालो, मी. त्याने ते आतल्या सगळ्या कोडसकट इंटरनेटवर ठेवलं. कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. आज नऊ वाचनालयं ते वापरतात आणि आम्ही अकरा जण ते घडवतो. निम्म्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत. सगळ्यांत जास्त काम करते ती कोल्हापूरची क्षितिजा, तीही मला फक्त पत्रांतून माहीत. ई-मेलला मी पत्रच म्हणतो. नीटस मुलगी आहे, 'नमस्कार काका' लिहिल्याशिवाय पत्र सुरू करत नाही.

अडचण अशी की पत्रांवर एकेक प्रश्न सुटायला आठवडा जातो. म्हणून ठरलं, दर रविवारी दहा वाजता सगळ्यांनी एकाच वेळी इंटरनेटवर यायचं. प्रश्न होता कुठे. एक मार्ग आयआरसीचा. तिथे सगळे एका खोलीत बसल्यासारखे असतात, एकाने ओळ लिहिली की सगळ्यांना दिसते. दुसरा मार्ग म्हणजे आवाजाचं ते नवं सॉफ्टवेअर. कानाला हेडफोन लावायचा आणि बोलायचं.

सिद्धेश म्हणाला, "काका, अर्ध्या लोकांना मराठी टाइप करता येत नाही. सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणार, वाचता वाचता डोकं उठणार. बोललं तर दहा मिनिटांत विषय खलास."

मी म्हणालो, "त्या सॉफ्टवेअरचा कोड कुलूपबंद आहे. त्या पेटीत बसून आपण मुक्त सॉफ्टवेअरच्या गोष्टी करायच्या? शिवाय बोललेलं हवेत जातं. लिहिलेलं राहतं."

धवलचं नालासोपाऱ्याला सायबर कॅफे आहे. तो म्हणाला, "काका, मी ब्रॉडबँड घेतलंय. आवाज एकदम मख्खन. तुम्ही टेन्शनच घेऊ नका."

मतं झाली. बाहेरगावच्यांनी आधीच पत्राने कळवली होती. आवाजाला सहा, लिहिण्याला चार, एक जण तटस्थ. क्षितिजाचं मतही आवाजाला.

ही वही दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा खरं लिहितो. हरल्याचं वाईट वाटलं नाही, पण आवाजाची भीती वाटते. का ते कळत नाही. पस्तीस वर्षं मुंबईच्या तार ऑफिसात काढली, यंत्राला कधी भ्यालो नाही. पण 'कपाट' मला सोडून पुढे गेलं, तर सकाळी उठून मी करायचं काय? पानवेलींना पाणी घालायला माणूस आहे.


मंगळवार, ८ फेब्रुवारी

वसुंधरेने नवी खोड काढली आहे. मी आत कॉम्प्युटरपाशी बसलो की दारात येऊन दिव्याचं बटण दोनदा खटखट करते. जेवायला चला, कोणी आलंय, चहा झालाय, सगळ्याला बटण. म्हटलं, हाक मारायला काय होतं? म्हणाली, "घसा दुखतो माझा." थंडीचे दिवस आहेत. तुळस-आल्याचा काढा करून दिला. प्याली बिचारी.


रविवार, १३ फेब्रुवारी

आवाजाची पहिली बैठक. हेडफोनमधून काही धड येईना, म्हणून साधे स्पीकर लावले. तरी सगळे घोंगडीखालून बोलल्यासारखे. मग तार ऑफिसातली युक्ती आठवली. तिथे साऊंडर नावाच्या यंत्राची टकटक ऐकून तारेचा मजकूर उतरवायचा असे. सभोवती पन्नास यंत्रं, म्हणून आम्ही साऊंडरच्या मागे सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा उभा करायचो. आवाज खणखणीत यायचा. आज चिवड्याचा डबा रिकामा करून स्पीकरच्या मागे ठेवला.

वसुंधरा म्हणाली, "आता काय, चिवडा बोलणार?"

चिवडाही बोलला नाही. ही मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात, हा खरा दोष. आमच्या वेळी साहेब दूरवरून बोलला तरी शेवटच्या टेबलाला कळायचं. अर्धी बैठक अंदाजाने पार पाडली. शेजारच्या पॉलिनने मात्र मध्येच तिची खिडकी लावून घेतली. ऊन येत असेल.


बुधवार, २३ फेब्रुवारी

कळंबला आलोशियसकडे गेलो होतो. तार ऑफिसात आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो. आता मुलाच्या घरी असतो, समुद्राला पाठ करून. "आयुष्यभर गर्दी बघितली, आता लाटांची गर्दी कशाला?" असं त्याचं म्हणणं.

त्याच्या कानामागे आता शेंगेएवढं यंत्र आहे. बिचारा. म्हणाला, "साऊंडरने खाल्ले बाबा कान. आपल्या सगळ्यांचेच."

म्हटलं, "सगळ्यांचे कसे? मी तुझ्याच बाजूला बसत होतो, माझं काही बिघडलं नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याची बायको रिटा काहीतरी बोलून हसली आणि ताटं घ्यायला आत गेली. आलोशियसने टेबलावर बोटाने ठोकून माझी जुनी सही दिली. दोन अक्षरं. प्रत्येक तारवाल्याची अशी सही असायची. माझा तळवा टेबलावर होता, मी लगेच ओळखली.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. तारवाल्याचे दोन नियम आम्ही दोघांनी एकाच वेळी म्हणून दाखवले. पहिला, हातून गेलेल्या तारेतला मजकूर आपण वाचलाय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. दुसरा, मजकूर चुकला तर दुरुस्तीची तार ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच पाठवायची, स्वतःच्या सहीने. साहेबाने नाही, शेजाऱ्याने नाही. रिटा म्हणाली, "शाळेतली पोरं बरी तुमच्यापेक्षा."


रविवार, २७ फेब्रुवारी

तिसरी बैठक. क्षितिजाचा आवाज फार बारीक, वादळात लागलेल्या रेडिओसारखा. ती नव्या आवृत्तीबद्दल पुष्कळ बोलत होती. मग सगळे एकदम थांबले. पुन्हा काही आलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा लक्षात आलं की माझ्या उत्तरासाठी खोळंबले आहेत. थोरल्या माणसाने अशा वेळी करायचं तेच केलं. मोठ्याने म्हणालो, "चालेल, चालेल." सगळ्यांना बरं वाटलेलं दिसलं. कामाची मुलगी आहे, तिच्यावर सोडलेलं बरं.


शनिवार, १२ मार्च

संताप संताप झाला आहे.

गेल्या आठवड्यात वाचनालयात नवी आवृत्ती बसवली. आज ग्रंथपाल सीमा रडकुंडीला येऊन घरी आली. आळीचा रकानाच नाही!

परक्याला समजणार नाही म्हणून लिहितो. आमच्या गावात एकेका आडनावाची साठ-साठ घरं, आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. नुसते श्रीरंग राऊत चार आहेत. चिंच आळीचे, देऊळ आळीचे, खालच्या आळीचे आणि विहिरीवरचे. त्यांना वेगळं करते ती आळी. 'कपाट' लिहायला बसलो तेव्हा पुस्तकाच्या नावाच्याही आधी मी तो रकाना केला होता.

झालं असं की खालच्या आळीच्या तरुण श्रीरंगने बायकोसाठी 'गरोदरपणातील आहार' नेलं होतं. ते परत करा, असं स्मरणपत्र गेलं देऊळ आळीच्या श्रीरंगअण्णांना. वय एक्याऐंशी, बायको जाऊन पाच वर्षं झाली. पत्र सुनेने उघडलं. सीमा सांगते, अण्णा काठी टेकत वाचनालयात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, माझ्या नावावर पुस्तक काढलंत ते काढलंत, निदान 'दासबोध' तरी काढायचा!" लोक हसले, पण सीमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोणी काढला माझा रकाना? मला न विचारता?


रविवार, १३ मार्च

बैठकीला गेलो नाही. शोधून काढलं. रकाना क्षितिजाने काढलाय. तिला पत्र लिहिलं आणि बाकी सगळ्यांनाही पाठवलं. लिहिलं की गावाची माहिती नसलेल्या माणसाने गावाच्या सामानाला हात लावू नये. लिहिलं की या कामात विश्वास हीच एक भिंत आहे आणि ती तुम्ही पाडलीत. 'तुम्ही' लिहिलं, एरवी 'तू' लिहितो.

पत्र गेल्यावर जरा मोकळं वाटलं. तरी जेवताना ते पत्र मनात पुन्हा पुन्हा वाचत होतो.


मंगळवार, १५ मार्च

क्षितिजाचं उत्तर आलं. पहिल्यांदाच 'नमस्कार काका' नाही. "२७ तारखेच्या बैठकीत मी तुम्हाला तीन वेळा विचारलं, की बाकी आठ वाचनालयांना आळीचा रकाना लागत नाही, तर काढू का. तुम्ही हो म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं."

हे शक्यच नाही. आळीचा रकाना काढायला मी हो म्हणेन? त्यापेक्षा घराचं छप्पर काढायला म्हणेन. चूक झाली तर झाली म्हणावं, माणूस मोठा होतो. पण खोटं कशाला? आणि पुरावा कुठला, सगळं बोललेलं. हवेत गेलं. मी आधीच बजावलं होतं.

वसुंधरेला पत्र वाचून दाखवलं.  ती काही पुटपुटली आणि आत गेली.

'कपाट' सोडावं असं मनात येतं. दुसऱ्याच्या हाताखाली तार ऑफिसात राबलो तेवढं पुरे. पण सोडून राहवेल का, हे मलाच सांगता येत नाही.


शनिवार, १९ मार्च

सिद्धेश आला होता. म्हणे दारात उभा राहून दहा मिनिटं बेल वाजवत होता. बेल बिघडलेली दिसते, बघायला हवी. शेवटी मागच्या दाराने आला. मी पडद्याकडे तोंड करून बसलो होतो. तो माझ्या मागे उभा आहे याचा मला पत्ता नाही. वसुंधरेने बटण खटखटवलं तेव्हा मी वळलो. सिद्धेश आधी बटणाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे.

"कधी आलास रे?"

त्याने तोंड अगदी माझ्यासमोर आणलं. "आत्ताच, काका."

क्षितिजाबद्दल भांडायला आलाय असं वाटलं होतं, पण त्याने विषयच काढला नाही. म्हणाला, काकू, पानवेली दाखवा ना. दोघं विहिरीपाशी अर्धा तास उभी होती. त्याला पानवेलींत एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं. वसुंधरा परत आली तेव्हा डोळे पुसत होती. चुलीचा धूर लागला असेल म्हणावं, तर आमच्याकडे गॅस आहे.


रविवार, २७ मार्च

आज ईस्टर. पॉलिनने केक पाठवला. आणि आमच्याकडेही आनंदच आहे.

सिद्धेशचं सगळ्यांना पत्र. "आवाजाचा प्रयोग फसला. काका पहिल्यापासून बरोबर सांगत होते. धवलच्या लाइनला आवाज झेपत नाही. पुढच्या रविवारपासून आयआरसी." धवलनेही लिहिलं, "हो काका, लाइन अगदी रडतेय." परवा तर मख्खन म्हणत होता! नव्याची नवलाई संपली की असंच होतं.

नवल म्हणजे कोणीही विरोध केला नाही. आवाजाला मत देणारे सहाच्या सहा जण एका दिवसात फिरले. मुद्दा खरा असेल तर उशिरा का होईना पटतो, हे मी नेहमी म्हणतो.

आणि क्षितिजाचंही पत्र. "नमस्कार काका. आळीचा रकाना परत बसवला आहे. चूक माझीच, मी नीट विचारलं नसेल. माफ करा." दोनदा वाचलं. मी लगेच उत्तर दिलं, "झालं गेलं विसरून जा, बाळ. तरुण वयात व्हायचंच." मन मोठं केलं की आपल्यालाच हलकं वाटतं.


रविवार, ३ एप्रिल

काय सांगावं! पुन्हा चौतीस वर्षांचा झालो आज.

दहाच्या ठोक्याला पडद्यावर एकेक नाव उगवलं. ओळीमागून ओळ. तार ऑफिसात एकाच सर्किटवर पाच गावं असायची, तसं. सगळे इंग्रजी अक्षरांत लिहितील हे सिद्धेशचं भय फुकट गेलं. क्षितिजाने सगळ्यांना मराठी कळफलकाचा तक्ता पाठवला होता. धवल एकेक अक्षर शोधतो, पण लिहितो.

मी दोन नियम घालून दिले. एक, आपलं बोलणं संपलं की शेवटी 'इति' लिहायचं, म्हणजे दुसरा मध्ये घुसणार नाही. तारेत आम्ही असंच करायचो. दोन, प्रत्येक शब्दाची नोंद राहील. त्यासाठी सिद्धेशने एक यंत्रमाणूस बसवला आहे. तो दिवसरात्र खोलीत बसून सगळं लिहून घेतो. त्याचं नाव मी 'कारकून' ठेवलं. आता 'मी असं म्हणालोच नव्हतो' हे कोणी म्हणू शकणार नाही.

आणि हात ओळखू येतो! पूर्वी चार टकटकींत कळायचं की पलीकडे नागपूरचा कोण बसलाय. सिद्धेश तुकड्यातुकड्यांनी लिहितो, ओळ अर्धी सोडून पुढे पळतो. क्षितिजा थांबते, पूर्ण वाक्य तयार करते आणि एकदाच टाकते. शांत हात आहे तिचा. असा हात असलेली मुलगी खोटं का बोलली असेल, हे मात्र अजून उलगडत नाही.


शनिवार, ९ एप्रिल

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर सिद्धेश आणि धवल श्रीखंडाला आले. दोघांच्याही वागण्यात बरीच सुधारणा आहे. समोर बसतात, माझ्याकडे बघून बोलतात, एक बोलत असताना दुसरा थांबतो. 'इति'चा परिणाम घरापर्यंत पोचलेला दिसतो.

यंदा एक गोष्ट लागली मनाला. आंबा मोहरून कैऱ्या धरल्या, तरी कोकीळ नाही. गेल्या वर्षीही नव्हता. बांधकामं वाढली, झाडं गेली, पाखरं तरी राहतील कशाला? वसुंधरेला तसं म्हटलं. ती कैरीकडे बघत राहिली.


गुरुवार, २१ एप्रिल

वसईत भारनियमनाची वेळ पुन्हा बदलली. मुलं आता रोज संध्याकाळी त्या खोलीत जमतात, पण काल माझ्याकडे वीज नव्हती. आज दुपारी बसून कारकुनाच्या नोंदी वाचल्या. माझ्या गैरहजेरीत काय काम झालं ते बघावं म्हणून. कालच्या नोंदीतला तुकडा इथे उतरवून ठेवतो. उतरवायची सवय आहे हाताला.

धवल: सिद्धेश, माझी लाइन झकास आहे रे. किती दिवस बदनाम करणार बिचारीला? इति
सिद्धेश: काकांसमोर बोलू नकोस म्हणजे झालं. इति
धवल: खरंच काही ऐकू येत नाही त्यांना? इति
सिद्धेश: काकू म्हणाल्या, दोन वर्षं झाली. हळूहळू गेलं. मान्यच करत नाहीत. काकू दिव्याचं बटण दाबून बोलावतात. इति
क्षितिजा: मला वाटलं होतं मुद्दाम उलटले. ते पत्र वाचून मी 'कपाट' सोडणार होते. घरात दोन दिवस कोणाशी बोलले नाही. इति
धवल: मग माफी तू का मागितलीस? चूक तुझी नव्हती. इति
क्षितिजा: कोणीतरी मागायला हवी होती ना. त्यांना मागायचीय हेच माहीत नव्हतं. इति

तीनदा वाचलं. मग ही वही मागे उलटली. २७ फेब्रुवारी. 'चालेल, चालेल.' माझंच अक्षर, माझीच शाई. बारा मार्चला 'मला न विचारता' लिहिलं तेही याच वहीत, दोन पानं पुढे.

बेल बिघडलेली नाही. आज वसुंधरा पॉलिनकडे गेली असताना बाहेर जाऊन बटण दाबलं. बोट घंटीच्या वाटीवर ठेवलं. थरथरत होती.


शुक्रवार, २२ एप्रिल

घरात अजून कोणाला काही सांगितलेलं नाही.

पहिला नियम सांगतो, हातून गेलेला मजकूर वाचलाय हे दिसू द्यायचं नाही. मुलांनी एवढ्या मायेने माझ्यावर पांघरूण घातलंय. ते ओढून काढायचं? त्यांना लाज वाटेल, मला वाटेल, वसुंधरेला वाटेल. गप्प राहिलो तर सगळं आहे तसं छान चालू राहील. रविवारी दहा वाजता मी असेन, 'काका' म्हणतील. नोंद पुसायची किल्लीही माझ्याकडेच आहे. एक ओळ लिहिली की कालचा सगळा तुकडा जाईल, कोणाला कळायचं नाही.

आणि सगळं सांगून टाकलं, तर? ज्याला ऐकू येत नाही आणि येत नाही हेही कळत नाही, अशा माणसाच्या शब्दावर आवृत्त्या कशा काढायच्या, असं त्यांना वाटलं तर मी काय म्हणू?

दुपारी कळंबला गेलो. आलोशियस ओट्यावर होता. सगळं सांगितलं. तो बोलत होता ते आज पहिल्यांदा मी त्याच्या ओठांकडे बघून ऐकलं. गेली दोन वर्षं बहुधा असंच ऐकत आलोय.

"त्या पोरीला पत्र लिही एकटीला," तो म्हणाला. "गुपचूप. मिटलं."

"मी तिला फटकारलं ते सगळ्यांसमोर."

त्याने ओट्यावर बोट ठोकायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "मग मला कशाला विचारतोस? दुरुस्तीची तार कोण पाठवतो?"

निघताना विचारलं, ते यंत्र कुठून घेतलंस. तो हसला नाही, याबद्दल त्याचे उपकार. पत्ता लिहून दिला.


रविवार, २४ एप्रिल

दहाला पाच मिनिटं असताना बसलो. वसुंधरेला म्हटलं, इथे बाजूला बस. कशाला, ते तिने विचारलं नाही.

सगळे आल्यावर मी लिहिलं. कारकुनाकडे नोंद आहेच, तरी इथे उतरवतो.

"गुरुदत्त: आज दुरुस्ती. २७ फेब्रुवारीच्या बैठकीत क्षितिजाने मला आळीच्या रकान्याबद्दल तीनदा विचारलं होतं. मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून 'चालेल' म्हणालो. नंतर तुम्हा सगळ्यांसमोर तिला खोटं ठरवलं. ती खरं बोलत होती. चूक माझी. क्षितिजा, मला माफ कर. बुधवारची नोंद मी वाचली आहे आणि ती पुसणार नाही. धवलच्या लाइनचीही माफी मागतो."

एंटरचं बटण दाबलं. पडदा तसाच. एक मिनिट गेलं. मी पडद्यावरच्या घड्याळात बघत होतो. वसुंधरेने माझ्या मनगटावर हात ठेवला होता, तेवढंच जाणवत होतं. दोन मिनिटं झाली. पलीकडे दहा जण, आणि एक ओळ नाही. वाटलं, संपलं. निघायचं आता.

मग क्षितिजाची ओळ आली. तिचा तो थांबून, एकदाच टाकणारा हात.

"क्षितिजा: काका, तुम्ही 'इति' लिहिलं नाहीत. आम्ही सगळे थांबलोय. इति"

मी 'इति' लिहिलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. आणि मग पडद्यावर ओळींची अशी झुंबड उडाली की वाचता येईना. काही डोळ्यांमुळेही येईना.

शेवटी सिद्धेशने विचारलं, नव्या आवृत्तीत काय काय घ्यायचं. क्षितिजाने लिहिलं की तिच्या कोल्हापूरच्या वाचनालयातही एका नावाची माणसं सापडू लागली आहेत, तिथे गल्ली म्हणतात, तर आळीचा रकाना सगळ्यांनाच ठेवू या का. मी तिला पुन्हा विचारायला लावलं नाही. नीट वाचलं आणि 'हो' लिहिलं.


मंगळवार, २६ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांची पुढच्या बुधवारची वेळ मिळाली आहे. आलोशियस बरोबर येणार म्हणतो. दोन म्हातारे एका बाकावर.

संध्याकाळी वसुंधरा मागच्या अंगणात लसूण सोलत बसली होती. तिला बोलवायचं होतं. हाक तोंडापर्यंत आली होती, पण मी दारातलं बटण दोनदा खटखटवलं. तिने वर बघितलं आणि हसली, अशी हसली की लग्नानंतरचे दिवस आठवले.

जवळ जाऊन बसलो. विचारलं, "खरं सांग. कोकीळ येतो का गं?"

"येतो."

"यंदा कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून. गेल्या वर्षीही होता." तिने लसणाच्या हाताने आंब्याकडे दाखवलं. "आत्ताही आहे की."

मी वर बघितलं. शेंड्याजवळच्या फांदीवर काळं पाखरू बसलं होतं. त्याचा गळा फुगत होता आणि बसत होता, फुगत होता आणि बसत होता. मान दुखेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.